अधू डोळ्यांचे सोबती

आपल्या नेहमीच्या बोलण्यात माणसांचे दोनच वर्ग असतात : एक डोळस आणि दुसरा आंधळा. ज्याला दिसते तो डोळस व ज्याला दिसत नाही तो आंधळा, असा सरळ हिशेब आपण करतो. परंतु या दोन टोकांच्या मध्ये फार मोठा मुलूख पसरलेला आहे. त्या मुलुखात राहणाऱ्यांना दिसते, पण पुरेसे दिसत नाही. समोर कोणीतरी उभे आहे हे त्यांना कळते. पण कोण उभे आहे हे कळत नाही. पानावर काही छापलेले आहे हे दिसते. पण अक्षर लागत नाही. पायवाट दिसते, पण तिच्यावरचा धोंडा दिसत नाही. अशा दृष्टीला अल्पदृष्टी म्हणतात. ‘त्याचे डोळे जरा अधू आहेत,’ एवढे बोलून आपण हा विषय सोडून देतो. अधू डोळ्यांना कोणकोणत्या साधनांची सोबत मिळू शकते आणि ती सोबत का महत्त्वाची आहे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

अल्पदृष्टी म्हणजे केवळ चष्मा लागणे नव्हे. चष्मा लावल्यावर ज्याला नीट दिसू लागते, त्याची दृष्टी अल्प म्हणत नाहीत. १९९५ साली अपंग व्यक्तींना समान संधी मिळावी म्हणून भारताच्या संसदेने एक कायदा केला. त्या कायद्याने अंधत्वाबरोबरच अल्पदृष्टीलाही निराळे स्थान दिले. उपचार करून आणि योग्य चष्मा देऊनही जिची दृष्टी क्षीण राहते, परंतु योग्य साधनाच्या साहाय्याने जी व्यक्ती आपली दृष्टी कामासाठी वापरते किंवा वापरू शकते, ती अल्पदृष्टी असलेली व्यक्ती, असे त्या कायद्याने मानले. या व्याख्येतील ‘योग्य साधनाच्या साहाय्याने’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. हातात योग्य साधन आले, तर या माणसाची उरलेली दृष्टी उपयोगी पडते. न आले, तर ती असून नसल्यासारखी होते.

डॉक्टर ही दृष्टी कशी मोजतात? भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता टांगतात व सहा मीटर अंतरावरून तो वाचावयास सांगतात. निरोगी डोळ्याची दृष्टी ६/६ अशी लिहितात. एखाद्याची दृष्टी ६/१८ असेल, तर त्याचा अर्थ असा की, जे अक्षर निरोगी डोळा अठरा मीटरांवरून ओळखतो, तेच ओळखण्यासाठी या माणसाला सहा मीटरांपर्यंत जवळ यावे लागते. २०१६ साली जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. त्याप्रमाणे, दोहोंपैकी बऱ्या डोळ्याची दृष्टी उत्तम चष्मा लावूनही ६/१८ किंवा त्याहून कमी, परंतु ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. त्याहूनही कमी दृष्टीला अंधत्व म्हणतात. दुसरे माप नजरेच्या रुंदीचे आहे. समोर पाहत असताना डाव्याउजव्या बाजूंचेही आपल्याला बरेच दिसते. हा विस्तार आक्रसून चाळीस अंशांहून कमी झाला, तर तीही अल्पदृष्टीच असते; आणि तो दहा अंशांहून कमी झाला, तर ते अंधत्व मानतात.

मग चष्म्याने हे दुखणे का बरे होत नाही? डोळ्याची रचना आठवा. डोळ्यात पुढे एक भिंग आहे व मागे प्रकाश टिपणारा पडदा आहे. भिंगातून येणारी प्रतिमा पडद्यावर नेमकी पडत नसेल, तर चष्म्याची काच ती नेमक्या जागी आणते. परंतु पडदाच जागोजागी विरला असेल, किंवा पडद्यापासून मेंदूकडे जाणारी नस अशक्त झाली असेल, तर प्रतिमा कितीही रेखीव पडली तरी ती पुरती वाचली जात नाही.

अल्पदृष्टी सर्वांची सारखी नसते. काहींच्या नजरेचा मध्यभाग जातो. हे समजून घ्यावयाचे असेल, तर आपली मूठ डोळ्यांसमोर धरून समोरच्या मित्राकडे पाहा : त्याचे हातपाय दिसतील, पण चेहरा दिसणार नाही. काहींच्या नजरेच्या कडा जातात. काचबिंदूसारख्या रोगात असे होते. जाड कागदाची अरुंद नळी करून तिच्यातून पाहिले म्हणजे त्याची कल्पना येते. असा मनुष्य कदाचित पुस्तक वाचू शकेल, पण अंगणातल्या बादलीला अडखळेल. लोक मग म्हणतात, ‘वाचता येते आणि बादली दिसत नाही, हे कसे?’ त्याचे उत्तर त्या कागदाच्या नळीत आहे. आणखी काहींना सारेच धुरकट दिसते; तेलकट कागदातून पाहावे तसे. कोणाला संध्याकाळ झाली की दिसेनासे होते, तर ज्यांच्या त्वचेत व केसांत जन्मतःच रंगद्रव्य नसते, त्यांचे डोळे भर उन्हात दिपून जातात. म्हणूनच एकाला लाभलेले साधन दुसऱ्याला लाभेलच असे नाही.

साधनांकडे वळण्यापूर्वी एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. अधू डोळा वापरला तर तो झिजतो, म्हणून तो जपून ठेवावा, असे पुष्कळांना वाटते. पूर्वी शिक्षणतज्ज्ञांनाही तसेच वाटत असे. १९०८ साली लंडन शहरात अतिशय ऱ्हस्वदृष्टी असलेल्या मुलांसाठी एक निराळा वर्ग निघाला. त्यांच्या डोळ्यांना ताण पडू नये म्हणून बारीक छपाईची पुस्तके त्यांच्यापासून दूर ठेवीत आणि मोठ्या फळ्यांवर मोठी अक्षरे काढून त्यांना शिकवीत. पुढे अनेक देशांत असे ‘दृष्टी राखणारे’ वर्ग निघाले. त्यांच्या मागचा हेतू चांगला होता. परंतु समजूत खरी नव्हती. नॅटली बरागा या अमेरिकन शिक्षिकेने अगदी थोडे दिसणाऱ्या मुलांना पद्धतशीरपणे पाहण्याचा सराव दिला व त्याचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. सरावाने ही मुले आपल्या दृष्टीचा पूर्वीपेक्षा चांगला उपयोग करू लागली, असे त्यात दिसून आले. दृष्टी ही बरणीतल्या तुपासारखी नाही, की वापरली म्हणजे संपली. वापरल्याने तिचा उपयोग करण्याचे कौशल्य वाढते.

उरलेल्या दृष्टीला मदत करण्याचे चार मार्ग आहेत : वस्तू जवळ आणणे, ती मोठी करून दाखवणे, तिचा रंग भोवतालच्या रंगाहून वेगळा उठवणे आणि तिच्यावर योग्य उजेड पाडणे. यांतील शेवटच्या दोन मार्गांना पैसा जवळजवळ लागतच नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, जिराईत गावांत ज्वारी आणि बाजरी ही घरोघरची धान्ये आहेत. ज्वारीचे पांढुरके दाणे पांढऱ्या धोतरावर पसरून त्यांतले खडे निवडून पाहा आणि मग तेच दाणे काळ्या घोंगडीवर पसरून पाहा. घोंगडीवर दाणा न् दाणा उठून दिसतो. तुमच्या घरातील आजीला हा भेद फार आधी कळलेला असेल. याच न्यायाने अल्पदृष्टी असलेल्या माणसाला दूध पांढऱ्या कपात देण्यापेक्षा गडद रंगाच्या कपात द्यावे; म्हणजे ते किती भरले आहे हे त्याला दिसते. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा किंवा पांढरा पट्टा ओढला, तर पायरी कोठे संपते हे कळते. फिक्या शिसपेन्सिलीऐवजी जाड काळ्या शाईचे पेन आणि ठळक रेघांची वही दिली, तर आपलेच अक्षर आपल्याला वाचता येते.

वाचनासाठी आणखी एक सोपे साधन तुम्ही स्वतः करू शकाल. काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या मध्ये एका ओळीएवढी लांबट खिडकी कापा. हा पुठ्ठा पानावर ठेवला म्हणजे एकच ओळ दिसते, बाकीच्या ओळी झाकल्या जातात आणि पांढऱ्या कागदाची चमकही डोळ्यांवर येत नाही. दिवा वाचणाऱ्याच्या बाजूने व थोडा मागून असावा. डोळ्यांत उजेड जाईल असा समोर नसावा. पोथी वाचताना ठेवतात तशा उतरत्या घडवंचीवर पुस्तक ठेवले, तर मान न अवघडता ते डोळ्यांजवळ आणता येते.

जवळ आणणे हाही एक उपायच आहे. पंचवीस सेंटिमीटरांवरचे पुस्तक पाच सेंटिमीटरांवर आणले, तर त्यातील अक्षर डोळ्यातील पडद्यावर सुमारे पाचपट मोठे पडते. लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग लवचीक असते. त्यामुळे त्यांना इतक्या जवळचेही पाहता येते. निरोगी डोळ्यांच्या मुलांनी पुस्तक योग्य अंतरावरच धरावे, हा नियम बरोबर आहे. परंतु अल्पदृष्टी असलेले मूल पुस्तक नाकाला लावून वाचत असेल, तर ती त्याची वाईट खोड नव्हे; ती त्याची युक्ती आहे, आणि तिने त्याच्या डोळ्यांचे नुकसान होत नाही.

आता भिंगाकडे वळू. साध्या भिंगाने वस्तू किती मोठी दिसेल, याचा हिशेब सोपा आहे. पंचवीसला भिंगाच्या सेंटिमीटरांतील नाभीय अंतराने भागावे. नाभीय अंतर दहा सेंटिमीटर असेल, तर वस्तू अडीचपट मोठी दिसते. पाच सेंटिमीटर असेल, तर पाचपट. मग सर्वांना मोठ्यात मोठ्या शक्तीचे भिंगच का देऊ नये? कारण शक्ती वाढली की भिंगाचा आकार लहान होतो, ते कागदाच्या फार जवळ धरावे लागते आणि एका वेळी दोनतीनच अक्षरे दिसतात. वाचणारा ओळीचा शेवट गाठीपर्यंत तिचा आरंभ विसरून जातो. म्हणून काम भागेल तेवढ्याच शक्तीचे भिंग निवडावयाचे असते. ज्यांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी पायांवर उभे राहणारे भिंग असते. ते पानावर ठेवून पुढे सरकवीत न्यावयाचे, म्हणजे अंतर आपोआप कायम राहते. काही भिंगांत छोटा दिवाही बसवलेला असतो.

देवनागरी लिपी वाचताना भिंगवाल्याला आणखी थोडे श्रम पडतात. आपल्या लिपीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार असतात आणि खाली उकार असतो. भिंग ओळीच्या मध्यावरच फिरले, तर वरखालच्या या खुणा निसटतात. एक टिंब दिसले नाही, तर ‘मंद’चा ‘मद’ होतो. शिरोरेषेतील लहानशी फट न दिसल्यास ‘धन’ आणि ‘घन’ सारखेच वाटतात; ‘बारा’ आणि ‘वारा’ यांत एका तिरप्या रेघेचा फरक आहे. तेव्हा असे मूल वाचताना अडखळले, तर त्याला भाषा येत नाही असे म्हणण्यापूर्वी त्याला अक्षर दिसले की नाही, हे विचारावे. याच कारणासाठी महाराष्ट्रात अल्पदृष्टी विद्यार्थ्यांकरिता मोठ्या टाइपातील पाठ्यपुस्तके काढण्यात येतात.

भिंग जवळच्या वाचनासाठी झाले. दूरचे पाहण्यासाठी काय करावे? अहिल्यानगरच्या माळीवाडा बसस्थानकावर उभे राहिले, तर शेवगाव, पाथर्डी, श्रीरामपूर अशा निरनिराळ्या दिशांच्या गाड्या येत असतात. गाडीची पाटी वाचता आली नाही, तर प्रत्येक वेळी कोणाला तरी विचारावे लागते. आणि विचारीपर्यंत गाडी निघून जाते. अशा प्रसंगी तळहातात मावणारी, एका डोळ्याला लावावयाची छोटी दुर्बीण कामी येते. एखाद्याची दृष्टी ६/६० आहे व दुर्बीण चौपट मोठे दाखवणारी आहे, असे समजा. ढोबळ मानाने त्याला दुर्बिणीतून ६/१५ दृष्टीइतके दिसेल. म्हणजे सहा मीटरांवरची पाटी जणू दीड मीटरावर येईल. वर्गातला फळाही तिने असाच जवळ येतो. मात्र दुर्बिणीतून एका वेळी थोडाच भाग दिसतो. म्हणून ती लावून चालावयाचे नसते. थांबावे, वाचावे आणि मग ती खिशात ठेवून चालू लागावे, अशी तिची रीत आहे.

दुर्बिणीने एका मुलाचे आयुष्य कसे पालटले, ते ऐका. सॅम्युएल जेनेन्स्की हा अमेरिकन मुलगा जन्मला तेव्हा डोळ्यांत चुकीचे औषध पडल्यामुळे त्याची दृष्टी बहुतेक गेली. शाळेत त्याला फळा दिसत नसे. तेव्हा तो वर्गात दुर्बीण घेऊन बसू लागला आणि तिच्यातून फळ्यावरचे गणित वाचू लागला. पुढे तो गणितज्ञ झाला. मोठेपणी १९६० नंतरच्या दशकात त्याने सहकाऱ्यांबरोबर एक यंत्र तयार केले. पुस्तकावर कॅमेरा रोखावयाचा आणि त्यातील अक्षरे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठी करून वाचावयाची, अशी त्याची योजना होती. काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे, जसे सोयीचे पडेल तसे अक्षर त्या पडद्यावर करता येई. आज हीच किमया साध्या मोबाइल फोनमध्येही आलेली आहे. फोनचा कॅमेरा अक्षर मोठे करून दाखवतो, पडद्यावरचे रंग उलटे करता येतात आणि फळ्याचे छायाचित्र काढून ते सावकाश वाचता येते.

दृष्टी पुरी पडत नाही, तेथे स्पर्श आणि श्रवण ही दोन इंद्रिये तिच्या मदतीला येतात. स्पर्शाने वाचण्याच्या ब्रेल लिपीचा जनक लुई ब्रेल हा १८०९ साली फ्रान्समधील कूव्रे या गावी जन्मला. त्याचे वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज तयार करीत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळत असता अणकुचीदार हत्यार डोळ्याला लागून त्याची दृष्टी गेली. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. तशाच एका टोकदार सळईने कागदावर टोचून ती लिहितात. सहा ठिपके दोन उभ्या रांगांत असतात. त्यांतील कोणते उठवावयाचे यावरून त्रेसष्ट निरनिराळ्या खुणा होतात. भारतात पूर्वी वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच लिपी ठरली. तिच्यात ‘अ’साठी फक्त पहिला ठिपका आहे आणि ‘क’साठी पहिला व तिसरा. ज्यांची दृष्टी हळूहळू कमी होत जाणार आहे, अशा मुलांना थोडे दिसत असतानाच ब्रेल शिकवून ठेवतात.

मराठी मुलुखातील अंधशिक्षणाचा आरंभ अहमदनगरशी नाते असलेल्या एका संस्थेने केला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे आपले ठाणे स्थापिले आणि पुढे तेथे अनेक शाळा चालविल्या. १८९९-१९०० साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळात अन्नाबरोबर अ जीवनसत्त्वही मिळेनासे होते, आणि त्याच्या अभावी लहान मुलांचे डोळे जाऊ शकतात. त्या १९०० सालीच या मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड या बाईंनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा उघडली. ती शाळा पुढे कमला मेहता यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली; दादर येथे ती आजही अंध मुलींना शिकवीत आहे. त्या काळी बोटांनी वाचणे हाच काय तो मार्ग होता. आज त्याला कानाची जोड मिळाली आहे.

कानाने वाचणे म्हणजे काय? संगणकावर किंवा फोनवर जे अक्षर दिसते, ते मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली असते. तिला पडदावाचक म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स तेह हे दोघे तरुण स्वतः दृष्टिहीन होते. असा पडदावाचक फार महाग मिळे, हे पाहून २००६ साली त्यांनी ‘एनव्हीडीए’ नावाचा पडदावाचक तयार करण्याचे काम सुरू केले आणि तो सर्वांना विनामूल्य दिला. तो मराठीही वाचतो. भारतात २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिबाधितांसाठीचे ग्रंथालय संगणकाच्या जाळ्यावर सुरू झाले. परंतु येथे आपण सर्वांनी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कागदाचे नुसते छायाचित्र काढून पाठवले, तर संगणकाच्या दृष्टीने ते अक्षर नसते, अक्षराचे चित्र असते; त्यातील मजकूर आधी ओळखून घ्यावा लागतो व त्यात चुका होतात. तसेच युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या टाइपात मराठी लिहिले, तर डोळ्यांना ते नीट दिसते, पण पडदावाचक ते वाचताना निरर्थक आवाज काढतो. सूचना, प्रश्नपत्रिका किंवा पत्र युनिकोडमध्ये लिहिणे हीदेखील एक सेवाच आहे.

रोजच्या व्यवहारातही स्पर्श आणि श्रवण उपयोगी पडतात. तुमच्या घरातील १०० रुपयांची नवी नोट घेऊन तिच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. प्रत्येक कडेला चार तिरप्या उठावदार रेघा लागतील. ५०० रुपयांच्या नोटेवर अशा पाच रेघा असतात, आणि २०० रुपयांच्या नोटेवर चार रेघांच्या मध्ये दोन वर्तुळे असतात. नोट जुनी झाली की हा उठाव झिजतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ नावाचे फोनवरील साधन सुरू केले. फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरला की ती किती रुपयांची आहे हे ते बोलून सांगते. बाजारात भाजी घेताना कोणी आपल्याला फसवील ही धास्ती त्याने कमी होते.

चालण्यासाठी काठी हे सर्वांत जुने साधन. १९२१ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी, दृष्टी गेल्यावर, वाहनचालकांना आपण दिसावे म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. पुढे पांढरी काठी ही साऱ्या जगात दृष्टिबाधितांची खूण झाली. काठी जमिनीवरचा खड्डा सांगते; पण डोक्याशी आलेली फांदी किंवा ट्रकची मागची फळी सांगत नाही. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली ‘स्मार्टकेन’ ही काठी २०१४ साली लोकांसमोर आली. वटवाघूळ जसे न ऐकू येणारा ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते, तशीच ही काठी गुडघ्याच्या वरचा अडथळा ओळखते आणि मुठीत कंप उत्पन्न करून धरणाऱ्याला सावध करते. ज्यांना दिवसा थोडे दिसते व रात्री दिसत नाही, अशा अल्पदृष्टी माणसांनीही काठी घेण्यात कमीपणा मानू नये.

एवढी साधने आहेत, तर मग अडचण कोठे आहे? ती साधन आणि माणूस यांच्या मधल्या अंतरात आहे. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. पश्चिमेला अकोल्याचा डोंगराळ मुलूख, तर आग्नेयेला जामखेड. आणि जिल्हा रुग्णालय मध्यावर अहिल्यानगर शहरात. डोंगरातल्या वस्तीवरच्या मुलाला तेथवर आणणे म्हणजे आईबापांची एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. तरीही मार्ग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांमध्ये येऊन मुलांची तपासणी करतात. साहाय्यक साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे. अहिल्यानगर शहरातील ‘अनामप्रेम’ ही संस्था दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी काम करते. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा अधिक असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलेला आहे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांचीही सोय आहे. पण या सर्व सोयी मिळण्यासाठी आधी कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे की, या मुलाला दिसत नाही.

आणि ते लक्षात येणे सोपे नसते. जन्मापासून ज्याला अंधुकच दिसते, त्याला इतरांना स्पष्ट दिसते हे कसे कळावे? आपल्यासारखेच सर्वांना दिसत असेल, असे त्याला वाटते. तो फळ्यावरचे उतरून घेत नाही. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. चेंडू अंगावर येईपर्यंत त्याला दिसत नाही, म्हणून खेळात त्याला कोणी घेत नाही. वाटेत भेटलेल्या गुरुजींना तो नमस्कार करीत नाही, कारण ते गुरुजी आहेत हे त्याला दिसलेलेच नसते. हळूहळू ‘आळशी’, ‘मठ्ठ’, ‘उद्धट’ अशी विशेषणे त्याला चिकटतात. अशी विशेषणे ऐकत ऐकत एखादा मुलगा शाळा सोडतो. डोळ्यांचा दोष बुद्धीच्या खात्यावर लिहिला जातो, आणि हा हिशेब पुढे कोणी तपासून पाहत नाही.

हा चुकीचा हिशेब सर्वांत आधी तुमच्या लक्षात येऊ शकेल. कारण बाकावर त्याच्या शेजारी तुम्ही बसता. कोणी डोळे बारीक करून पाहत असेल, मान तिरपी करून वाचत असेल, उन्हात डोळे झाकून घेत असेल किंवा संध्याकाळी खेळ सोडून घरी जाण्याची घाई करीत असेल, तर त्याची थट्टा करू नका, शिक्षकांना सांगा. प्रथम डॉक्टरांकडून डोळे तपासले पाहिजेत. कारण मोतीबिंदूसारखे काही विकार शस्त्रक्रियेने बरे होतात, आणि काहींना केवळ चष्माच पुरतो. तरीही दृष्टी अल्पच राहिली, तर मग साधनांची पाळी येते. त्या मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीची तिरीप डोळ्यांवर येणार नाही अशा जागी बसू द्या. फळ्यावर लिहिलेले त्याला हळू आवाजात वाचून दाखवा. त्याला भेटलात की आधी आपले नाव सांगा. ‘ओळख पाहू मी कोण?’ असे विचारून त्याची परीक्षा घेऊ नका.

दुर्बीण किंवा भिंग घेऊन वर्गात बसलेल्या मुलाकडे पाहून एक जण जरी हसला, तरी दुसऱ्या दिवशी ते भिंग दप्तराच्या तळाशी जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. मग डॉक्टरांचे श्रम, सरकारचा पैसा आणि आईबापांची पायपीट ही सारी वाया जातात. उलट, ‘जरा बघू दे रे, तुझ्या दुर्बिणीतून कसे दिसते!’ असे कोणी सहज म्हणाले, तर तेच साधन त्याला अभिमानाची वस्तू वाटू लागते. चाळीस मुलांच्या वर्गात यांपैकी कोणते वाक्य उच्चारले जाईल, हे ठरवणे त्या वर्गाच्याच हाती असते.